मायलिन दुरुस्तीवरचं पोस्टडॉक संशोधन

मायलिन म्हणजे मज्जातंतूभोवती गुंडाळलेलं चरबी आणि प्रथिनांचं आवरण. ते झडलं तर परत कसं चढवायचं, यावर पीएचडी झालेली माणसं करारावर जे काही वर्षांचं संशोधन करतात ते हे पोस्टडॉकचं काम. सांगली-मिरजेकडं पोराची पीएचडी झाली की घरचे, शेजारचे सगळे एकच विचारतात, "झालं की शिक्षण, मग आता अजून काय शिकतोयस?" तर हे शिक्षण नव्हे, ही नोकरीच आहे, फक्त मुदतीची, आणि पैसे बऱ्याचदा फेलोशिपमधनं येतात. या विषयात आता निम्मं काम कॉम्प्युटरवर आणि निम्मं लॅबमध्ये असं चालतं, आणि दोन्ही एकाच माणसानं केली तर फार फरक पडतो, तो का ते खाली येईलच.

आधी बिघडतं काय ते बघू. मेंदू आणि मज्जारज्जूत मायलिन चढवणाऱ्या पेशीला ऑलिगोडेंड्रोसाइट म्हणतात (हातापायांच्या नसांमध्ये हे काम श्वान नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावावरनं ओळखल्या जाणाऱ्या श्वान पेशी करतात). उसाला जशा कांड्या आणि मधे गाठी, तसं तंतूवर मायलिनचे तुकडे आणि दोन तुकड्यांमधे थोडी उघडी जागा असते, तिला रॅनव्हिएची गाठ म्हणतात. संदेश एका गाठीवरनं दुसऱ्या गाठीवर उड्या मारत जातो, म्हणून जाड मायलिनच्या तंतूत वेग सेकंदाला 100 मीटरच्या घरात जातो आणि मायलिन नसलेल्या बारीक तंतूत एक-दोन मीटरवरच राहतो. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच या आवरणावर उलटते. एका डोळ्यानं अचानक धूसर दिसायला लागतं, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, मग काही आठवड्यांनी जरा बरं वाटतं आणि पुन्हा झटका येतो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, उत्तर कर्नाटकातनंसुद्धा पेशंट येतात, तिथल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांना हे चित्र नवीन नाही. सध्याची औषधं हा हल्ला थोपवतात, पण गेलेलं मायलिन परत आणणारं मान्यताप्राप्त औषध अजून एकही नाही.

आणि शरीर स्वतः दुरुस्ती करू शकतं, हीच खरी आशेची गोष्ट. मेरी बंज, रिचर्ड बंज आणि हान्स रिस यांनी 1961 साली मांजराच्या मज्जारज्जूत नव्यानं चढलेलं मायलिन दाखवलं होतं. प्रौढ मेंदूतल्या पेशींपैकी अंदाजे 5 टक्के पेशी ओपीसी म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइटच्या कच्च्या पूर्वज पेशी असतात, त्या मायलिन झडलेल्या जागेकडं म्हणजे जखमेकडं सरकतात, वाढतात, पिकतात आणि मायलिन चढवतात. एमएसमध्ये मात्र बऱ्याच जखमांत त्या पोचलेल्या दिसतात पण पिकतच नाहीत. त्या का अडकतात, हा या सगळ्या संशोधनाचा गाभा.

लॅबचं काम कसं चालतं? उंदरांच्या खाद्यात 0.2 टक्के क्युप्रिझोन नावाचं विषारी रसायन घालतात, पाच-सहा आठवड्यांत मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसममधलं मायलिन झडतं, खाद्य बदललं की दुरुस्ती सुरू होते. मग मेंदूचे पातळ काप काढून मायलिनच्या एमबीपी प्रथिनाला चमकणाऱ्या अँटिबॉडी लावायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. खरा पुरावा मात्र इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा. त्यात तंतू आडवा कापलेला दिसतो, भोवती मायलिनचं काळं कडं, आतल्या तंतूचा व्यास भागिले मायलिनसकट व्यास म्हणजे जी-रेशो. निरोगी तंतूत तो साधारण 0.6 ते 0.8 च्या दरम्यान असतो, दुरुस्त झालेल्या तंतूवर मायलिन पातळ चढतं म्हणून तो वाढलेला दिसतो. पूर्वी ही कडी हातानं रेखाटत बसायला लागायचं, आता इमेज ओळखणारे प्रोग्राम ते करतात, तरी चुकीची कडी डोळ्यानं तपासावीच लागतात.

कॉम्प्युटरची बाजू म्हणजे मुख्यतः एकेका पेशीतला आरएनए (कुठले जीन्स चालू आहेत ते यावरनं कळतं) वाचून आलेला डेटा. आर किंवा पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये हजारो पेशींचे गट पाडायचे, कच्च्यापासून पिकलेल्यापर्यंतची वाट आखायची, ती कुठल्या टप्प्यावर तुंबते ते शोधायचं आणि त्या टप्प्यावरच्या जीन्सवर काम करणारी औषधं डेटाबेसमधनं निवडायची. इथंच एका माणसानं दोन्ही करण्याचा फायदा कळतो. मेंदूतनं पेशी सुट्या करताना मायलिनचा चिकट कचरा येतो, त्यानं सँपल खराब होतं आणि स्क्रीनवर मस्त नवा गट दिसतो, जो खरा नसतोच. ज्यानं स्वतः ते सँपल केलंय त्याला लगेच शंका येते. दुसरी चूक आकड्यांची. चार उंदरांतनं वीस हजार पेशी आल्या तरी हिशेबात नमुने चारच धरायला पाहिजेत, कारण एकाच उंदराच्या पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, वीस हजार धरले की काहीही सिद्ध होतं! माझ्या मते या क्षेत्रात सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीनं होतं.

मग यादीतली औषधं डिशमध्ये तपासायची. उंदराच्या पिल्लांपासून ओपीसी वाढवतात, वाढवणारा पीडीजीएफ घटक काढून घेतात, औषध घालतात, आणि काही दिवसांनी किती पेशींत एमबीपी आलं ते मोजतात. क्लेमास्टिन हे ॲलर्जीचं जुनं औषध असंच पुढं आलं, 2014 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टीमनं बारीक सुळक्यांच्या प्लेटवर पेशी वाढवून ते शोधलं. 2017 साली 50 पेशंटवरच्या चाचणीत डोळ्याकडनं मेंदूकडं जाणारा संदेश प्रति डोळा सुमारे 1.7 मिलिसेकंदांनी लवकर पोचू लागला. आकडा छोटा आहे, पण माणसात जुन्या जखमेची दुरुस्ती औषधानं होऊ शकते याचा तो मोठा संकेत होता. म्हणून दुकानातनं आणून घ्यायचं मात्र नाही, ते एमएसवरचं मान्य औषध नाही आणि त्यानं झोप, थकवा येतो. एक अडचण अजून, प्रयोगातले उंदीर बहुतेक तरुण असतात आणि वय वाढलं की ओपीसी पिकायला मंदावतात, त्यामुळं उंदरात चाललेलं वयस्क पेशंटमध्ये चालेलच असं नाही.

सांगलीतनं या वाटेला जायचं तर विलिंग्डनसारख्या कॉलेजातनं बीएस्सी, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एमएस्सी, मग पीएचडीला पुणे, हैदराबाद, बेंगळुरू नाहीतर परदेश, असा रस्ता. उंदरांचे प्रयोग घरी होत नाहीत, त्याला संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागते. पण कॉम्प्युटरचं निम्मं काम विश्रामबागेत खोलीत बसून शिकता येतं, कारण एमएसच्या मेंदूंचा पेशीनिहाय डेटा जिओ नावाच्या सार्वजनिक साठ्यात फुकट मिळतो. तो उतरवून छापलेल्या पेपरातले गट स्वतः परत पाडून बघायचे, कुठं जुळत नाहीत ते लिहून ठेवायचं. पोस्टडॉकसाठी अर्ज करताना अशी वही दाखवता आली तर नुसत्या सर्टिफिकेटांपेक्षा तिला जास्त वजन असतं.