एअर इंडिया

एअर इंडिया : भारताची राष्ट्रीय विमानकंपनी. १९३२ मध्ये टाटा सन्सची टपालसेवा म्हणून मुंबईत सुरुवात. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण. २०२२ पासून पुन्हा टाटा समूहाच्या ताब्यात. मुख्यालय पूर्वी मुंबईला होते, २०१३ मध्ये ते दिल्लीला व २०२३ मध्ये गुरुग्रामला हलवण्यात आले.

स्थापना : ब्रिटिश हवाईदलात काम केलेले वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी भारतात हवाई टपाल सुरू करण्याची योजना टाटांकडे आणली. जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ मध्येच वैमानिकाचा परवाना मिळवला होता. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्यांनी ही योजना उचलून धरली आणि सुमारे दोन लाख रुपयांच्या भांडवलावर काम सुरू झाले. लंडनहून येणारी टपाल इंपीरियल एअरवेज कराचीपर्यंत आणत असे. तेथून पुढे ती टाटांनी न्यायची होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी एक इंजिनाचे पस मॉथ विमान कराचीहून उडवले, अहमदाबादला उतरून पेट्रोल भरले आणि दुपारी ते मुंबईत जुहूला पोचले. अहमदाबादेत पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. मुंबईहून बल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंट यांनी पार केला.

त्या वेळचे जुहू म्हणजे समुद्रालगतचे चिखलट मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून विमाने आणि माणसे यांसह सगळा पसारा त्या चार महिन्यांसाठी पुण्याला हलवावा लागे. रेडिओ नाही, हवामानाचा भरवशाचा अंदाज नाही. तरीही टपाल वेळेवर पोचवण्याचा लौकिक कंपनीने मिळवला. पहिल्या वर्षी या विमानांतून १५५ प्रवाशांनीही प्रवास केला. १९३८ मध्ये ‘टाटा एअरलाइन्स’ हे नाव आले आणि २९ जुलै १९४६ रोजी तिची ‘एअर इंडिया’ ही सार्वजनिक मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी कंपनीचे अधिकारी बॉबी कुका आणि मुंबईचे चित्रकार उमेश राव यांच्या कल्पनेतून वाकून स्वागत करणारा, झुपकेदार मिशांचा ‘महाराजा’ कंपनीचे बोधचिन्ह म्हणून जन्माला आला.

आंतरराष्ट्रीय सेवा व राष्ट्रीयीकरण : १९४८ मध्ये सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतून ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ स्थापन झाली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. देशांतर्गत क्षेत्रात मात्र गर्दी झाली होती. महायुद्धानंतर डाकोटा विमाने स्वस्तात मिळाल्याने अनेक कंपन्या उभ्या राहिल्या आणि तोट्यात गेल्या. त्यावर उपाय म्हणून सरकारने १९५३ मध्ये कायदा करून आठ देशांतर्गत सेवा ‘इंडियन एअरलाइन्स’मध्ये एकत्र केल्या, परदेशी मार्ग एअर इंडियाकडे राहिले. जेआरडींचा राष्ट्रीयीकरणाला विरोध होता, तरी नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनी अध्यक्षपद स्वीकारले.

पुढची पंचवीस वर्षे हा या कंपनीचा सर्वोत्तम काळ होय. जेआरडी स्वतः प्रवास करत, बारकाईने टिपणे काढत आणि ती अधिकाऱ्यांना पाठवत. जिनिव्हाहून विमानात चढवलेला चहा रंगाने कॉफीसारखाच दिसतो, अशी तक्रारही या टिपणांत सापडते. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले, न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली आणि १९६२ मध्ये केवळ जेट विमाने वापरणारी जगातील पहिली कंपनी असा मान एअर इंडियाला मिळाला. ही कामगिरी सरकारी मालकीतच झाली, हे विसरता कामा नये. सरकारी झाली म्हणून बुडाली, हा निष्कर्ष म्हणूनच अपुरा वाटतो. कारभारातील निर्णय विमानसेवा जाणणाऱ्यांच्या हाती किती राहिले, यावर बरेच काही ठरले. १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले.

१९९० ची कामगिरी : इराकने कुवेतवर आक्रमण केल्यावर तेथील भारतीय अडकले. अनेकांनी वाळवंट ओलांडून जॉर्डन गाठले. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात अम्मान ते मुंबई अशी सुमारे ४८८ उड्डाणे झाली आणि एक लाखाहून अधिक माणसे मायदेशी परतली. नफ्यातोट्याच्या कोणत्याही हिशेबात न मावणारे हे काम आहे, आणि राष्ट्रीय विमानकंपनी कशासाठी हवी याचे याहून चांगले उत्तर नाही.

अपघात : ‘मलबार प्रिन्सेस’ १९५० मध्ये आल्प्समधील माँ ब्लांवर कोसळले. १९६६ मध्ये त्याच पर्वतावर ‘कांचनजंगा’ कोसळून डॉ. होमी भाभांसह ११७ जण मृत्युमुखी पडले. १९७८ च्या पहिल्याच दिवशी ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट वांद्र्याजवळच्या समुद्रात पडले. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमानात बॉम्बस्फोट होऊन ३२९ जणांचा बळी गेला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले बोइंग ७८७ उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातील २४२ पैकी एकच प्रवासी वाचला.

घसरण व विक्री : खासगी कंपन्यांची स्पर्धा वाढत असतानाच १११ नव्या विमानांची मागणी नोंदवण्यात आली आणि २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे एअर इंडियात विलीनीकरण झाले. कागदावर कंपनी एक झाली. वेतन, बढती आणि सेवाज्येष्ठता यांचे वाद मात्र तसेच राहिले. २०१२ मध्ये वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला. सरकारने हजारो कोटी रुपये ओतूनही कर्ज फिटेना. २०१८ मध्ये ७६ टक्के हिस्सा विकायला काढला, तेव्हा एकही बोली आली नाही. अखेर २०२१ मध्ये टाटांची १८,००० कोटींची बोली मान्य झाली. त्यांतील १५,३०० कोटी हे कंपनीचे कर्ज अंगावर घेण्याच्या रूपात होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ताबा देण्यात आला. २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी जाहीर झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये टाटा व सिंगापूर एअरलाइन्स यांच्या भागीदारीतील ‘विस्तारा’ ही विमानकंपनी एअर इंडियात विलीन झाली. त्यातून सिंगापूर एअरलाइन्सकडे २५.१ टक्के हिस्सा आला.

मुंबईतील वारसा : नरिमन पॉइंटची २३ मजली इमारत विक्रीच्या व्यवहारातून वगळलेली होती. ती १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने केला. कार्यालये व परदेशातील आरक्षण केंद्रे सजवण्यासाठी कंपनीने १९५० च्या दशकापासून चित्रे विकत घेतली. विदर्भातल्या बी. प्रभा यांची चित्रे त्यांतली अगदी आरंभीची. पुढे हुसेन, गायतोंडे यांचीही भर पडली. नवोदित चित्रकारांना त्या काळात असा ग्राहक दुर्मिळ होता. हा संग्रह आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्यात आला आहे.