सांड धडधाकट, तरी गाई का उलटतात?

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात काटोल तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. एका गोपालकाकडे गवळाऊ या देशी जातीच्या ३२ गाई आणि एक सांड, म्हणजे वळू. पाऊस वेळेवर झालेला, हिरवा चारा भरपूर, गाई अंगानं भरलेल्या. जुलैत त्यातल्या १४ गाई माजावर आल्या, सांडानं फळवल्या, आणि २१ दिवसांनी त्यांतल्या १० पुन्हा माजावर. काकांनी तोवर गाईंना खनिज मिश्रण दिलं होतं, जंताचं औषध पाजलं होतं, अंगाराही लावून झाला होता. सांडाकडे बघायचं मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं. "तो तर माया पोरापेक्षा जास्त खाते डॉक्टरसाहेब, त्याले काय झालं?"

गाय उलटली, म्हणजे फळवूनही पुन्हा माजावर आली, की खोट गाईतच, ही समजूत मी इतक्या गोठ्यांत ऐकली आहे की आता तिची चीड येते. एक गाय गाभण राहिली नाही तर एक वासरू बुडतं. सांडात खोट असेल तर अख्ख्या कळपाचं वर्ष बुडतं. आणि सांडाची खोट वरून दिसत नाही. वशिंड भरदार, चाल डौलदार, माजावरच्या गाईमागे धावण्याची हौस पुरेपूर, तरीही वीर्य निकामी असू शकतं. हौस आणि वीर्याची प्रत यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

सांडाला खोड्यात घेतलं. पाय तपासले, डोळे पाहिले. अधू पायाचा सांड गाईवर चढत नाही आणि अधू डोळ्याच्या सांडाला दूरची माजावरची गाय दिसत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करायची. मग दोन्ही वृषणं हलक्या हातानं अंडकोशाच्या तळाशी आणून सर्वांत रुंद जागी टेप गुंडाळली. घेर भरला ३३ सेंटिमीटर. हा आकडा महत्त्वाचा असतो, कारण घेर जितका मोठा तितका शुक्राणू बनवणारा भाग जास्त. विदेशी जातींच्या दोन वर्षांवरच्या वळूत किमान ३४ सेंटिमीटर धरतात. आपल्या गोवंशाचे गोऱ्हे उशिरा वयात येतात, त्यांना तोच आकडा जसाच्या तसा लावणं बरोबर नाही. शिवाय मोठ्या घेराच्या वळूच्या कालवडी लवकर माजावर येतात, असंही संशोधनात दिसलं आहे. म्हणजे बापाला टेप लावली की लेकींबद्दलही थोडा अंदाज येतो.

घेरात काही वावगं नव्हतं. खोट दिसली ती सूक्ष्मदर्शकाखाली. चांगल्या वीर्याचा थेंब कोमट काचेवर ठेवला की आधणातल्या डाळीसारखी घुसळण दिसते, लाटेवर लाट, भोवरे. इथे लाट नव्हतीच. सुटे सुटे शुक्राणू जागच्या जागी थरथरत होते, कित्येकांच्या शेपट्या गुंडाळलेल्या. सर्वसाधारण निकष असा, की किमान ३० टक्के शुक्राणू सरळ पुढे जाणारे हवेत आणि ७० टक्के तरी आकारानं निर्दोष हवेत. हा सांड दोन्हींत नापास झाला.

मी काकांना विचारलं, उन्हाळ्यात सांड कुठे बांधला होता? त्यांनी मायेनं नवीन टिनाचं शेड दाखवलं. आधीची वर्षं तो कडुनिंबाखाली असायचा. यंदा त्याच्यासाठी म्हणून शेड उभारलं, बुटकं, तीन बाजूंनी बंद.

नागपूरचा मे महिना काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पारा ४५ अंशांपुढे जातो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापाच्या नऊ दिवसांत, रात्रीही भिंती गार होत नाहीत. आणि शुक्राणूंना शरीराची नेहमीची ऊबसुद्धा सोसत नाही. गुरांच्या शरीराचं तापमान साधारण ३८.५ अंश असतं, वृषणं त्याहून २ ते ६ अंशांनी थंड राहावी लागतात, म्हणून तर निसर्गानं ती पोटाबाहेर टांगली आहेत. वृषणाकडे जाणारी रोहिणी वेटोळी घेत उतरते, तिच्याभोवती परतणाऱ्या थंड रक्ताच्या शिरांचं जाळं असतं, वरून येणारं रक्त त्या जाळ्यातून जाताना निवतं. अंडकोशाची कातडी घाम सोडते, आतले स्नायू ढिले पडून वृषणं खाली सोडतात. आपल्या देशी वळूंत ही व्यवस्था विदेशी वळूंपेक्षा सरस असते. संकरित वळूंचे नमुने वीर्यकेंद्रांवर जास्त बाद होतात, त्यात उष्णतेचाही वाटा आहे. पण तापलेल्या टिनाखाली, वारा नसताना, गवळाऊचीही हद्द संपते.

खरी गोम पुढे आहे, आणि ती नागपूरकर गोपालकांनी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी अशी माझी कळकळ आहे. वळूच्या वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात, पुढे नलिकेतून पक्व होत बाहेर यायला आणखी आठ-दहा दिवस. धरा ७० दिवस. म्हणजे २५ मे रोजी बनायला सुरुवात झालेला शुक्राणू ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाईपर्यंत पोचतो. मेमध्ये लागलेली धग जुलै-ऑगस्टमध्ये दिसते, नेमक्या त्या दिवसांत जेव्हा हिरवा चारा खाऊन गाई भराभर माजावर येतात. तेव्हा हवा गार असते, सांड टवटवीत दिसतो, आणि उन्हाळ्याशी याचा काही संबंध असेल असं कुणाला वाटत नाही.

आता एका सांडामागे गाई किती? हा हिशेब अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या रँचवर फार बारकाईनं झाला, कारण तिथे हजारो एकरांत गाई मोकाट असतात आणि माणूस फारसा फिरकत नाही. तिथला ठोकताळा प्रौढ वळूमागे २५ ते ३० गाई. कोवळ्या वळूला वयाच्या महिन्यांइतक्या, म्हणजे १५ महिन्यांच्याला १५. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते, त्यामुळे सगळ्या गाई रिकाम्या असल्या तरी २५ गाईंत रोज सरासरी एक माजावर असेल. तेवढं एका वळूला झेपतं.

पण सगळी भिस्त वळूच्या प्रतीवर. समजा एका वेळच्या फळवण्यात ६० टक्के गाई गाभण राहतात. तीन माजांनंतर, म्हणजे ६३ दिवसांत, २५ पैकी २३ गाभण. हाच आकडा ३० टक्क्यांवर आला तर त्याच ६३ दिवसांत १६. सात वासरांचा फरक, तोही सांड रोज कामाला असताना. उत्तर ऑस्ट्रेलियात शंभर गाईंमागे चारेक वळू सोडायची रीत होती. तिथल्या संशोधकांनी वासरांची डीएनए तपासणी केली तेव्हा काही वळूंच्या नावावर ढीगभर वासरं आणि काहींच्या नावावर एकही नाही असं निघालं. तपासलेले असतील तर शंभरामागे अडीच वळू पुरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आणखी एक धोका, दांडगा वळू निकामी निघाला तर तो बाकीच्यांना गाईजवळ फिरकू देत नाही.

गाय किती दिवसांनी उलटते हेही मोजावं. बरोबर २१ दिवसांनी उलटली तर बहुधा गर्भ राहिलाच नाही. पस्तीस-चाळीस दिवसांनी, वेळीअवेळी उलटत असेल तर गर्भ राहून जिरला असण्याची शंका घ्यावी. मग ट्रायकोमोनिएसिस किंवा कॅम्पिलोबॅक्टर तपासून घ्यायचं. हे रोग सांड गाईंना देतो, स्वतःला काही होत नाही. ब्रुसेलोसिसची, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची तपासणी तर हवीच, तो माणसालाही होतो.

काकांच्या सांडाला मी औषध दिलं नाही. दोन महिने त्याला गाईंपासून वेगळं ठेवून पुन्हा कडुनिंबाखाली बांधायला सांगितलं, गाईंना तोवर कृत्रिम रेतन. ऑक्टोबरात काचेवर पुन्हा लाटा दिसल्या. काकांनी स्वतः डोळा लावून पाहिलं आणि म्हणाले, "हे तं पुरातल्या नदीवानी वाहून राहिले जी."

एक गोष्ट बाकी होती. सांड गावात येऊन तीन वर्षं झाली होती, त्याच्या पहिल्या कालवडी आता माजावर येणार. बाप-लेकीच्या संकरातल्या वासरात आनुवंशिक जवळीक थेट २५ टक्के होते आणि दुबळेपणा वाढतो. कळपाची परिणामकारक संख्या काढायच्या आनुवंशशास्त्राच्या सूत्रात २५ गाई आणि एक वळू घातले तर उत्तर चाराहून कमी येतं, म्हणजे दिसायला २६ जनावरं, पण वैविध्याच्या दृष्टीनं चारसुद्धा नाहीत. गवळाऊसारख्या मोजक्या जिल्ह्यांत उरलेल्या जातीला हे परवडणारं नाही. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका गवळ्याशी सांडाची अदलाबदल ठरली. तिकडचा सांड आणण्याआधी त्याचा नमुना काचेवर पाहायचा, ही अट काकांनी स्वतःहून घातली.