बंद गिरणीच्या इमारतीत स्मारक आणि सांस्कृतिक केंद्र: मुंबईतील परवानगीची प्रक्रिया

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईतील एकेका गिरणीचा भोंगा कायमचा थांबला. ज्या इमारती अजून उभ्या आहेत, त्यांच्यात स्मारक उभारायचे असल्यास बृहन्मुंबई महानगरपालिकेची परवानगी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार इमारतीच्या वापरातील लक्षणीय बदल हाही ‘विकास’च असल्याने, एकही भिंत न पाडता साचेखात्यात (कापड विणण्याच्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या विभागात) कायमचे प्रदर्शन मांडायचे म्हटले तरी अर्ज चुकत नाही.

अर्ज जागेच्या मालकाने किंवा त्याच्या लेखी संमतीने करायचा असतो. कामगार संघटनेची तळमळ कितीही खरी असली तरी संमतिपत्राशिवाय तिचा अर्ज पुढे सरकत नाही. अनेक गिरण्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आहेत. दादरच्या इंदू मिलच्या जागेवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकासाठीही जमीन आधी केंद्राकडून राज्याकडे यावी लागली.

मिळकत पत्रिका, सिटी सर्व्हे नकाशा, विकास आराखड्याचा अभिप्राय (डीपी रिमार्क, म्हणजे शहराच्या आराखड्यात त्या जागेची नोंद काय आहे ते सांगणारा दाखला), आर्किटेक्टने काढलेले सद्यःस्थितीचे व प्रस्तावित नकाशे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल हे मुख्य कागद होत. अहवालात चिमणीची स्वतंत्र तपासणी जरूर असावी, कारण ‘धोकादायक’ एवढ्या एका शब्दावर ती पाडली गेली, तर स्मारकाची ओळखच जाते. सद्यःस्थितीच्या नकाशात करवतीच्या दात्यांसारखे छप्परही बारकाईने दाखवावे. त्याच्या काचा उत्तरेकडे असतात, म्हणजे साच्यावरील सुताला उन्हाची तिरीप न लागता दिवसभर सारखा उजेड मिळे. खोटे छत टाकून तो उजेड बंद करू नये, असे मला मनापासून वाटते.

गिरणीच्या जमिनीला विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधील नियम ३५ लागू होतो. इमारत वारसा यादीत असल्यास नियम ५२ ही लागू होतो आणि प्रस्ताव मुंबई वारसा संवर्धन समितीकडे जाऊ शकतो. तेथे श्रेणी निर्णायक ठरते: श्रेणी १ मध्ये फेरफारास जवळजवळ वाव नाही, श्रेणी २ मध्ये आतील बदल व नवा वापर काटेकोर छाननीनंतर शक्य होतो, श्रेणी ३ मध्ये सवलत अधिक असते.

यासोबत अग्निशमन दलाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे. सभागृहात तिकीट लावून कार्यक्रम करायचे असल्यास पोलिसांचा परवानाही पाहावा लागतो. काम पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास पालिकेची मंजुरी) हाती येईपर्यंत वास्तू लोकांसाठी खुली करता येत नाही, म्हणून उद्घाटनाची तारीख त्यानंतरच ठरवावी.