नकाशातील खोली आणि आजचे पाणी : हातातील जीपीएस यंत्र वापरणाऱ्या मासेमार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून तलावांच्या नकाशांसह हातात धरायचे जीपीएस यंत्र नेलेले ग्राहक सर्वाधिक वेळा एकाच तक्रारीने परत येतात, ती म्हणजे यंत्र खोली चुकीची दाखवते. नकाशावर ६ मीटर लिहिलेले असते, गळाचे शिसे २.५ मीटरवरच तळाला टेकते, आणि यंत्र पुन्हा डब्यात बसून आमच्या टेबलावर येते. असे प्रत्येक यंत्र आम्ही मोकळ्या आकाशाखाली, अक्षांश-रेखांश आधी निश्चित केलेल्या खुणेवर ठेवून तपासतो. त्यात आमचा अर्धा दिवस जातो, ग्राहकाची सुट्टी वाया जाते, आणि या एका तक्रारीपुरते सांगायचे तर अद्याप एकाही यंत्रात दोष निघालेला नाही. म्हणून हे पत्रक आता आम्ही यंत्राच्या डब्यातच घालून देतो.

हातातील जीपीएस यंत्र पाण्याची खोली मोजत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चार उपग्रहांचे संदेश घेऊन ते आपले स्थान काढते आणि नकाशावर आपण नेमके कोठे आहात ते दाखवते. तेथील खोलीचा आकडा नकाशात आधीच छापलेला असतो. यंत्रात सोनार (ध्वनिलहरी तळावर आपटवून खोली मोजणारे साधन) नसल्यामुळे होडीखाली किती पाणी आहे हे कळण्याचा त्याला काही मार्गच नाही. हा छापलेला आकडा एका ठरावीक जलपातळीपासून मोजलेला असतो. धरणाच्या जलाशयासाठी ती बहुधा पूर्ण संचय पातळी, म्हणजे जलाशय पूर्ण भरलेला असतानाची पातळी, असते, तर काही नकाशांत सर्वेक्षणाच्या दिवशीची पातळी धरलेली असते. ज्या नैसर्गिक तलावाचे पाणी वर्षभरात हातभर वर-खाली होते तेथे हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. सिंचनासाठी किंवा वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले जाते अशा जलाशयाची पातळी मात्र काही महिन्यांत कित्येक मीटर उतरते आणि नकाशा होता तसाच राहतो.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो आपल्या डब्यातच आहे. प्रत्येक यंत्रासोबत आम्ही दर मीटरला रंगीत खूण केलेली, न ताणली जाणारी दोरी आणि शिशाचे वजन देतो. (परत आलेल्या बहुतेक डब्यांत या दोरीच्या गुंडाळीवरचे रबरसुद्धा निघालेले नसते, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.) होडी पाण्यात घातल्यावर प्रथम नकाशावर अशी जागा निवडावी जेथे खोलीच्या रेषा एकमेकींपासून दूर आहेत, म्हणजेच जेथे तळ सपाट आहे. रेषा दाटीने आलेल्या उतारावर मोजू नये, कारण तेथे जीपीएसची नेहमीची ३ ते ५ मीटरची आडवी चूकसुद्धा खोलीत मोठा फरक पाडते. होडी स्थिर करून शिसे सोडावे आणि दोरी ओळंब्यासारखी सरळ आहे ना ते पाहूनच आकडा वाचावा. होडी वाहत जाऊन दोरी ३० अंशांनी कलली, तर मोजलेली लांबी खऱ्या खोलीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त भरते. नकाशातील ६ मीटरमधून मोजलेले २.५ मीटर वजा केले की ३.५ मीटर उरतात. पाणी तेवढे उतरले आहे आणि तीच वजावट त्या दिवशी संपूर्ण जलाशयाला लागू होते, कारण साचलेल्या पाण्याचा पृष्ठभाग सगळीकडे एकाच पातळीत असतो. पूर येत असताना नदी जेथे जलाशयाला मिळते तो भाग याला अपवाद समजावा.

एकाच मोजणीवर विसंबू नये, एकमेकींपासून दूर अशा तीन ठिकाणी मोजावे. फरक ३.४, ३.६ आणि ५.१ असे आले, तर तिसऱ्या ठिकाणी नकाशा तयार झाल्यानंतर गाळ साचलेला असण्याची शक्यता अधिक आहे, म्हणून तो आकडा सोडून द्यावा. गाळ प्रथम नदीच्या मुखाशी साचतो, त्यामुळे मोजणीसाठी ती बाजू टाळलेली बरी. ज्यांच्या होडीवर फिशफाइंडर (सोनारने खोली आणि मासे दाखवणारे यंत्र) आहे त्यांना दोरीची गरज नाही, मात्र फिशफाइंडर पृष्ठभागापासून नव्हे तर आपल्या ट्रान्सड्यूसरपासून (पाण्यात बुडवलेल्या, ध्वनिलहरी सोडणाऱ्या भागापासून) खाली मोजतो, म्हणून ट्रान्सड्यूसर पाण्यात जितका बुडालेला असेल तितके अंतर त्याच्या आकड्यात मिळवावे. फिशफाइंडरही आमच्याकडे मिळतात, परंतु लहान होडीतून किंवा काठावरून गळ टाकणाऱ्या ग्राहकाला केवळ पातळीचा फरक काढण्यासाठी तो घ्या असे आम्ही सांगत नाही.

वजावट काढल्यावर नकाशा वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. पाणी ३.५ मीटर उतरलेले असताना ३ मीटरची रेषा कोरडी पडलेली असते आणि यंत्र आपल्याला पाण्यात दाखवत असतानाच आपण चिखलात उभे असू शकता. ४ मीटरच्या रेषेवर जेमतेम अर्धा मीटर पाणी असते. सर्वांत धोक्याचा तो ३.८ मीटरवर दाखवलेला उंचवटा, कारण तो पृष्ठभागाखाली वीतभर असतो, वरून दिसत नाही आणि मोटरच्या पंख्याला नेमका सापडतो. याउलट बुडालेल्या जुन्या नदीपात्राची जी कड भरलेल्या जलाशयात फार खोल म्हणून आपण सोडून देत होता, ती आता गळाच्या सोयीच्या खोलीवर आलेली असते.

काही ग्राहक यंत्रावरील समुद्रसपाटीपासूनची उंची पाहून पाण्याची पातळी काढू पाहतात. कल्पना हुशारीची असली तरी ती उपयोगाची नाही. जीपीएसची उभ्या दिशेतील चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते, आणि ज्या यंत्रांत हवेच्या दाबावरून उंची काढली जाते त्यांत दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तरी उंचीचा आकडा सुमारे ८ मीटरने हलतो. दुपारचे ढग भरून आल्यावर दाब उतरला म्हणून जलाशय भरला, असे अनुमान आमच्यापर्यंत आलेले आहे.

नकाशाच्या दर्जाबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. काही नकाशे धरण बांधण्यापूर्वीच्या भूपृष्ठाच्या नकाशांवरून काढलेले असतात. त्यांत जुने रस्ते, विहिरी आणि नदीपात्र बारकाईने दिसते, परंतु त्यानंतर साचलेल्या गाळाचा पत्ता नसतो. इतर नकाशे सोनारने मोजून काढलेले असतात, आणि त्यांत बोट ज्या ओळींवरून गेली त्यांच्या मधला तळ गणिताने भरून काढलेला असतो, त्यामुळे दोन ओळींमध्ये असलेला लहानसा खडक निसटू शकतो. आम्ही विकतो त्या प्रत्येक नकाशाच्या पाकिटावर सर्वेक्षणाचे वर्ष आणि गृहीत धरलेली जलपातळी लिहिलेली असते. ही माहिती ज्या नकाशासोबत मिळत नाही तो आम्ही दुकानात ठेवत नाही, मग तो कितीही रंगीत आणि स्वस्त असो. आमची यादी इतरांपेक्षा लहान दिसते त्याचे कारण हेच आहे.

उरलेल्या शंका थोडक्यात सांगतो. खोलीचे आकडे मीटरमध्ये आहेत की फुटांत, हे सेटिंगमध्ये एकदा पाहून घ्यावे, कारण १२ फूट म्हणजे ३.६६ मीटरच होतात. मित्राने फोनवर सांगितलेली जागेची खूण, म्हणजे तिचे अक्षांश-रेखांश, उतरवून घेताना ३०.५०० मिनिटे आणि ३० मिनिटे ५० सेकंद यांत गल्लत करू नये, कारण अक्षांशात एवढ्या चुकीने आपण ६०० मीटरहून अधिक भरकटाल. खुणांची फाइलच मागून घेणे उत्तम. जुन्या वह्यांतील खुणा मे २००० पूर्वीच्या असतील तर त्यांवर फार विसंबू नये, कारण तोपर्यंत नागरी वापराच्या संदेशात अचूकता मुद्दाम कमी ठेवली जात असे आणि चूक १०० मीटरपर्यंत जात असे. मासा लागल्यावर खूण करताना लक्षात असू द्यावे की यंत्र आपली जागा नोंदवते, २५ मीटर पुढे पडलेल्या गळाची नव्हे. आणि थांबलेल्या होडीत दिशेचा बाण गरगरत असेल तर यंत्र बिघडलेले नसते. ज्या यंत्रात चुंबकीय होकायंत्र नाही ते हालचालीवरूनच दिशा ओळखते, म्हणून थोडे वल्हवावे, आणि होकायंत्र असेल तर बॅटरी बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यावे.

एवढे करूनही खोली जुळत नसेल तर यंत्र अवश्य घेऊन यावे, परंतु सोबत तीन ठिकाणचे अक्षांश-रेखांश, तेथील नकाशातील खोली, दोरीने मोजलेली खोली आणि तारीख लिहून आणावी. तीनही फरक जवळपास सारखे असतील तर पाच मिनिटांत आपण समाधानाने घरी जाल. मोकळ्या आकाशाखाली यंत्राचे स्थानच वारंवार १० मीटरहून अधिक चुकत असल्याचे आमच्या खुणेवर आढळले, तर ते आम्ही त्याच दिवशी बदलून देऊ.