डेव्ही फिट्झजेराल्ड (हर्लिंग गोलकीपर)

डेव्ही फिट्झजेराल्ड हा आयर्लंडच्या क्लेअर काउंटीचा हर्लिंग गोलकीपर, तिकडे सगळे त्याला नुसतं डेव्ही फिट्झ म्हणतात. जन्म २ ऑगस्ट १९७१, क्लब सिक्समाइलब्रिज. नव्वदच्या सुरुवातीला तो क्लेअरच्या सिनियर टीममधे आला आणि पुढची पंधराएक वर्षं १ नंबरचा शर्ट जवळपास त्याचाच राहिला. नावावर दोन ऑल-आयर्लंड, म्हणजे देशाची विजेतेपदं (१९९५ आणि १९९७), तीन मन्स्टर, म्हणजे प्रांताची विजेतेपदं (१९९५, १९९७, १९९८) आणि तीन ऑल-स्टार, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम टीममधे निवड (१९९५, २००२, २००५). आताच्या पोरांना तो टचलाइनवर आरडाओरडा करणारा मॅनेजर म्हणूनच माहीत असतो, पण ही नोंद मुख्यतः त्याच्या खेळण्याबद्दल आहे.

हर्लिंग माहीत नसेल तर थोडक्यात. एका बाजूला १५ जण, हातात अ‍ॅशच्या लाकडाची हर्ली, तिचं टोक चपटं आणि रुंद, आणि स्लिटर नावाचा चामडी बॉल, वजन ११० ते १२० ग्रॅम. पोस्टमधलं अंतर साडेसहा मीटर, क्रॉसबार अडीच मीटर उंचीवर. बारच्या वरून बॉल गेला तर १ पॉइंट, बारच्या खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ पॉइंट. स्कोर लिहायची पद्धत गोल-पॉइंट अशी, म्हणजे १-१७ चा अर्थ एक गोल आणि १७ पॉइंट, एकूण २०. गोलकीपरने वरून जाणाऱ्या बॉलकडे बघत राहायचं, त्याचं काही करता येत नाही (फार तर हर्ली वर करून अडवायचा प्रयत्न), पण खालून आलेला एक जरी सुटला तर तीन पॉइंटचा फटका, त्यामुळे सत्तर मिनिटांच्या मॅचमधे त्याची खरी परीक्षा चार-पाच क्षणांचीच असते आणि ते क्षण कधी येतील ते सांगता येत नाही. शिवाय पकआउट त्याचाच, म्हणजे बॉल बाहेर गेला की गोलसमोरून फटका मारून खेळ परत सुरू करायचा. पुढे कॉर्कच्या डोनल ओग क्युसॅकने छोटे, नेम धरून मारलेले पकआउट गाजवले, पण डेव्हीच्या सुरुवातीच्या काळात साधा हिशोब होता, जोरात मारा आणि लांब पाठवा.

आता क्लेअरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मन्स्टर प्रांतात कॉर्क, टिपरेरी, लिमरिक असली तगडी मंडळी, त्यात क्लेअर म्हणजे कायम मार खाणारं पोर. शेवटची मन्स्टर ट्रॉफी १९३२ ला, शेवटचं ऑल-आयर्लंड १९१४ ला. बिडी अर्ली नावाच्या वैदू बाईचा शाप आहे असंही लोक म्हणायचे, आता ती बाई ऑल-आयर्लंड स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच वारलेली, पण शापाला कुठे लॉजिक लागतं. १९९३ च्या मन्स्टर फायनलला टिपरेरीने ३-२७ विरुद्ध २-१२ असं धुतलं, १९९४ ला लिमरिकने ०-२५ विरुद्ध २-१०. दोन्ही वेळा गोलमधे डेव्ही. त्यानंतर जेर लॉखनन मॅनेजर झाला, माइक मॅक्नमाराने ट्रेनिंग हातात घेतलं, आणि ऐन हिवाळ्यात चिखलात, शॅननच्या टेकडीवर वर-खाली पळवून पोरांचं तेल काढलं.

९ जुलै १९९५, थर्ल्सचं सेंपल स्टेडियम, मन्स्टर फायनल, समोर परत लिमरिक. हाफटाइमच्या थोडं आधी क्लेअरला पेनल्टी मिळते आणि ती मारायला येतो कोण, तर स्वतःचा गोल सोडून आलेला २३ वर्षांचा गोलकीपर. हे वाटतं त्यापेक्षा खूप अवघड आहे, कारण तेव्हाच्या नियमात पेनल्टी म्हणजे एकास एक नव्हतं, गोललाइनवर तीन जण हर्ली घेऊन उभे असायचे, आणि मारणाऱ्याने २० मीटरच्या लाइनवर पडलेला बॉल हर्लीने उचलून हवेतच फटकवायचा. चुकला, अडला, परत आला, तर मागे गोलकीपर नाही, आणि हर्लिंगमधे एका फटक्यात बॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचू शकतो. डेव्हीने उचलला आणि मारला तो थेट जाळ्यात. आणि मग सेलिब्रेशन वगैरे सोडून मागे वळून जी धूम ठोकली ती आजही आयर्लंडमधे टीव्हीवर दाखवतात. मैदान १३० ते १४५ मीटर लांब, म्हणजे किमान ११० मीटरची दौड, अंगावर सगळा सरंजाम, आणि पोचल्यावर लगेच परत गोलकीपर. क्लेअरने मॅच १-१७ विरुद्ध ०-११ ने मारली, त्यातला तो एकमेव गोल गोलकीपरचा. ६३ वर्षांनी मन्स्टर.

सेमीफायनलमधे गॅलवेला हरवून ३ सप्टेंबरला डब्लिनच्या क्रोक पार्कवर फायनल, समोर गतविजेता ऑफली. इथे हाफटाइमच्या तोंडावर मायकल डिग्ननचा एक बॉल डेव्हीकडून आत गेला आणि तो गोल सोपाच होता, त्याने अडवायलाच हवा होता असं तेव्हाही बोललं गेलं. इथेच मला वाटतं गोलकीपर कळतो, कारण अख्खा सेकंड हाफ तसल्या गोलनंतर उभं राहायचं असतं, आणि ते डोकं शांत ठेवून करणं सोपं नाही (डेव्हीच्या बाबतीत शांत हा शब्द जरा जपूनच). त्याच्यापुढे क्लेअरचे डिफेंडर, मायकल ओ'हॅलरन, लाल हेल्मेटवाला ब्रायन लोहन आणि त्याचा भाऊ फ्रँक, त्यांच्यापुढे लिअम डॉयल, शॉन मॅक्महन आणि कॅप्टन अँथनी डेली, म्हणजे त्या काळातली एक भक्कम भिंत, आणि तिच्यामागून ओरडून ओरडून सगळ्यांना जागेवर ठेवणारा डेव्ही. शेवटच्या मिनिटांत सब म्हणून आलेल्या एमन टॅफने गोल केला, डेलीने ६५ मीटरवरून पॉइंट मारला आणि क्लेअर १-१३ विरुद्ध २-८ ने जिंकलं, ८१ वर्षांनी. पुढच्या मार्चमधे त्याच क्रोक पार्कवर सिक्समाइलब्रिजने अँट्रिमच्या डनलॉयला ५-१० विरुद्ध २-६ हरवून क्लबचंही ऑल-आयर्लंड घेतलं, म्हणजे काउंटी आणि क्लब दोन्ही सहा-सात महिन्यांत.

लोकांच्या डोक्यात पेनल्टी बसलीये. पण माझ्या मते त्याच्या करिअरमधला सगळ्यात मोठा क्षण १९९७ चा आहे आणि त्याची चर्चा त्यामानाने कमी होते. त्या वर्षी नियम बदलला होता, प्रांताची फायनल हरलेल्या टीमलाही मागच्या दाराने परत यायची सोय झाली, त्यामुळे मन्स्टर फायनलमधे क्लेअरने हरवलेली टिपरेरीच परत ऑल-आयर्लंड फायनलला समोर आली. क्लेअर पुढे होतं, पण शेवटाकडे टिपरेरीने दोन गोल मारून सगळं फिरवलं. मग जेमसी ओ'कॉनरने पॉइंट मारून क्लेअरला परत एकाने पुढे नेलं, आणि घड्याळात काहीच उरलं नसताना जॉन लेहीला गोलसमोर बॉल मिळाला. वरून मारला असता तर बरोबरी, रिप्लेची तारीख पक्की. लेहीने जिंकायचं ठरवलं, खालून मारला, आणि डेव्हीने अडवला. बस. ०-२० विरुद्ध २-१३, म्हणजे २० विरुद्ध १९. तो बॉल आत गेला असता तर टिपरेरी दोनने जिंकली असती, इतका साधा हिशोब. १९९५ ची ती पेनल्टी चुकली असती तरी क्लेअर बहुतेक जिंकलंच असतं, नऊ पॉइंटचा फरक होता. ह्या सेव्हला तसली काही गादी खाली नव्हती. आणि गंमत बघा, त्या वर्षीचा गोलकीपरचा ऑल-स्टार गेला वेक्सफर्डच्या डेमियन फिट्झहेन्रीला. फिट्झहेन्री अफलातून कीपर होता, त्याबद्दल वाद नाही, पण तरी.

१९९८ चा सीझन म्हणजे नुसता राडा. मन्स्टर जिंकलं, मग ऑफलीबरोबर सेमीफायनल १-१३ सारखी सुटली, रिप्लेमधे क्लेअर तीनने पुढे असताना रेफरीने वेळ संपायच्या आधीच शिट्टी वाजवली, ऑफलीचे लोक निषेध म्हणून क्रोक पार्कच्या गवतावर बसून राहिले, तिसरी मॅच थर्ल्सला ठेवली आणि ती क्लेअर ०-१३ विरुद्ध ०-१६ हरलं. पुढे ऑफलीने कपही नेला. १९९९ मधे कॉर्कच्या मैदानात टिपरेरीविरुद्ध मन्स्टर सेमीफायनल, शेवटच्या क्षणी क्लेअर तीनने मागे, पेनल्टी मिळाली आणि परत तोच माणूस पूर्ण मैदान ओलांडून आला. समोर ब्रेंडन कमिन्स, त्या पिढीतला दुसरा मोठा गोलकीपर. डेव्हीने मारला, आत, २-१२ विरुद्ध ०-१८, बरोबरी. १९९५ ची पेनल्टी प्रसिद्ध असेल, ही जास्त अवघड होती, कारण हिला दुसरा चान्सच नव्हता. रिप्ले क्लेअरने दहा पॉइंटने मारली, मग फायनलला कॉर्ककडून हरले.

लॉखननचं पर्व संपल्यावर लोकांनी क्लेअरला निकालात काढलं होतं. २००२ ला टिपरेरीकडून सुरुवातीलाच हरून क्वालिफायरच्या वाटेने टीम फायनलपर्यंत गेली, तिथे डी. जे. केरी आणि हेन्री शेफलिनच्या किलकेनीने ०-१९ विरुद्ध २-२० असं हरवलं. डेव्हीला ऑल-स्टार मिळाला. २००५ ला सेमीफायनलमधे कॉर्ककडून एका पॉइंटने हार, ०-१५ विरुद्ध ०-१६, आणि परत ऑल-स्टार, वय ३४. पहिल्या आणि तिसऱ्या ऑल-स्टारमधे दहा वर्षांचं अंतर आहे, गोलकीपरच्या रिफ्लेक्सबद्दल बोलताना हे लक्षात घ्यायला हवं. अंगापिंडाने तो काही धिप्पाड नव्हता, उंच कीपरसारखं हात वर करून बॉल तोडणं त्याला जमण्यातलं नव्हतं, त्याची कमाई होती ती जवळून आलेल्या फटक्यावर हर्ली खाली नेण्याच्या वेगात.

शेवट मात्र गोड झाला नाही. २००७ मधे मॅनेजरशी पटलं नाही आणि तो टीमबाहेर राहिला, २००८ मधे तो वॉटरफर्डचा मॅनेजर झाला आणि त्याच वर्षी त्यांना ऑल-आयर्लंड फायनलला घेऊन गेला, तिथे किलकेनीने पार चेंदामेंदा केला. २०१३ ला क्लेअरचा मॅनेजर म्हणून रिप्लेमधे कॉर्कला ५-१६ विरुद्ध ३-१६ हरवून त्याने कप जिंकला, म्हणजे क्लेअरच्या त्या वेळपर्यंतच्या चार ऑल-आयर्लंडपैकी तिनात तो होता, दोनदा गोलमधे आणि एकदा बाहेर उभा. २०१९ ला वेक्सफर्डला लेन्स्टर प्रांताचं विजेतेपद मिळवून दिलं.

पेनल्टीचा नियम २०१५ मधे बदलला. कॉर्कचा कीपर अँथनी नॅश बॉल उचलून पुढे फेकायचा आणि गोलच्या बराच जवळ जाऊन मारायचा, त्यावरून मोठा वाद झाला, आणि आता बॉल २० मीटरच्या लाइनच्या आत जाऊन मारता येत नाही, पण गोललाइनवर तीनऐवजी फक्त गोलकीपर उभा असतो.