गौरेतर स्त्रियांचे लघुपट

आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका आणि आदिवासी समूहांतील, तसेच यूरोप-अमेरिकेत स्थायिक झालेल्या बिगरगोऱ्या समाजांतील स्त्रियांनी केलेले आणि बहुधा त्यांच्याच जगण्याविषयी असलेले कमी लांबीचे चित्रपट. कथापट, अनुबोधपट, ॲनिमेशनपट आणि प्रयोगपट हे सर्व प्रकार यात येतात. इंग्रजीतल्या ‘विमेन ऑफ कलर’ला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. ‘रंगीत स्त्रिया’ म्हटले तर हसू येते आणि ‘कृष्णवर्णीय’ म्हटले तर व्हिएतनामी, ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी (अबोरिजिनल), पंजाबी स्त्रिया बाहेर राहतात. ‘गौरेतर’ या शब्दातही खोट आहे. तो माणसाची ओळख तो काय नाही यावरून करून देतो. तरी त्यातल्या त्यात तोच बरा, म्हणून या नोंदीत वापरला आहे. १९७७ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे राष्ट्रीय महिला परिषद भरली. तेथे काळ्या, लॅटिन, आशियाई व मूळनिवासी स्त्रियांनी एकत्र येऊन मागण्या मांडल्या, तेव्हापासून ही संज्ञा रूढ झाली. ती त्वचेच्या वर्णनासाठी नाही, राजकीय एकजुटीसाठी आहे.

ही नोंद कोल्हापुरात असे चित्रपट बघणाऱ्या, दाखवणाऱ्या आणि करणाऱ्यांना समोर ठेवून लिहिली आहे. कोल्हापुरात ही संज्ञा जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण येथे सगळेच गौरेतर. येथली फट जातीची, वर्गाची आणि ‘मुलगी गोरी आहे का’ या प्रश्नाची असते. त्यामुळे हे चित्रपट येथे बघताना ‘कोण काळे, कोण गोरे’ यापेक्षा ‘कॅमेरा कोणाच्या हातात आणि पैसा कोणाचा’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

लांबी : लघुपट म्हणजे किती मिनिटांचा, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे ठरते. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह ४० मिनिटे, बर्लिन महोत्सवाच्या लघुपट विभागात ३० मिनिटे आणि कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत १५ मिनिटे ही मर्यादा आहे. श्रेयनामावली लांबीत धरली जाते, हे आपल्याकडे अनेकांच्या ध्यानात नसते. गावातले सगळे काका, तालीम मंडळ आणि चहावाला यांचे आभार मानणारी तीन मिनिटांची पाटी चौदा मिनिटांच्या चित्रपटाला सरळ कानच्या मर्यादेबाहेर काढते.

लहान लांबी म्हणजे शिकाऊपणा, मोठ्या चित्रपटाआधीची उमेदवारी, असा समज आहे. या स्त्रियांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. लांबी ठरवली ती फिल्मच्या रिळाने आणि खिशाने. १६ मिमी फिल्मचे १०० फुटी रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने पावणेतीन मिनिटांत संपते, ४०० फुटी अकरा मिनिटांत. हाताने चावी द्यायचा बोलेक्स कॅमेरा एका चावीत अर्धा मिनिटही चालत नाही. कच्ची फिल्म, धुलाई, प्रिंट या तिन्हींचे पैसे स्टुडिओ देत नसेल, तर कामगार संघटना, विद्यापीठ किंवा सरकारी चित्रसंस्था देईल तेवढ्यातच चित्रपट बसवावा लागे.

प्रवर्तक : कॅमेरूनच्या तेरेझ सिता-बेला यांनी १९६३ साली आपल्या देशाच्या राष्ट्रीय नृत्यपथकाच्या पॅरिस दौऱ्यावर अर्ध्या तासाचा अनुबोधपट केला. क्यूबात सारा गोमेझ यांनी सरकारी चित्रसंस्थेत राहून दहा वर्षे लघु अनुबोधपट केले आणि १९७४ साली एकतिसाव्या वर्षी दम्याने त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा एकमेव दीर्घ चित्रपट नंतर सहकाऱ्यांनी पुरा केला. सेनेगलच्या साफी फाय यांची सुरुवात १९७२ च्या लघुपटाने झाली. कॅनडात अबेनाकी या मूळनिवासी समाजाच्या अलानिस ओबोमसाविन यांनी १९७१ साली ‘ख्रिसमस ॲट मूस फॅक्टरी’ हा तेरा मिनिटांचा चित्रपट मुलांनी खडूने काढलेल्या चित्रांवरच उभा केला. अमेरिकेत आयोका चेंझिरा यांनी ‘हेअर पीस’ (१९८४) या दहा मिनिटांच्या ॲनिमेशनपटात कुरळे केस सरळ करण्याच्या अट्टहासाची टर उडवली. इंग्लंडमध्ये न्गोझी ओन्वुरा यांनी ‘कॉफी कलर्ड चिल्ड्रेन’ (१९८८) केला. त्यात अंगाचा रंग जावा म्हणून भांडी घासायच्या पावडरने स्वतःला घासणारी मुले दिसतात. हळद-बेसन लावून लेकी उजळवणाऱ्या घरांत तो समजावून सांगावा लागत नाही.

अंगोलाच्या स्वातंत्र्यलढ्यावरचा सारा माल्दोरोर यांचा ‘मोनांगांबे’ (१९६८-६९, सुमारे १७ मिनिटे) एका शब्दावर उभा आहे. तुरुंगातल्या नवऱ्याला बायको ‘कंप्लेत’ आणीन म्हणते. तिच्या मनात असते मासे-उसळीचे जेवण. पहारेकऱ्यांना वाटते की पूर्ण सूट म्हणजे कपडे येणार आणि त्यात चिठ्ठी दडवलेली असणार. त्यावरून कैद्याला मारहाण होते. मराठी उपशीर्षके करणाऱ्याने या शब्दाचे भाषांतर केले की चित्रपट मेला. शब्द तसाच ठेवून दोन्ही अर्थ आगेमागे कळतील अशी रचना करावी लागते.

ज्युली डॅश यांच्या ‘इल्यूजन्स’ (१९८२, ३४ मिनिटे) या चित्रपटात भारतीय प्रेक्षकाची वेगळीच चुकामूक होते. काळ १९४२ चा, जागा हॉलिवूडचा स्टुडिओ. गोऱ्या नटीच्या ओठांवर काळी गायिका आवाज बसवते. आपल्याला पार्श्वगायन इतके अंगवळणी पडले आहे की यात अन्याय कोणता, हेच पटकन लक्षात येत नाही. फरक असा की येथे पार्श्वगायिकेचे नाव तबकडीवर छापले जाते आणि रसिक तिला ओळखतात. त्या कथेतल्या गायिकेचे नाव पडद्यावर कोठेच येत नाही. प्रास्ताविक करणाऱ्याने एवढे एक वाक्य आधी सांगावे.

ऑस्ट्रेलियाच्या ट्रेसी मॉफट यांचा ‘नाइट क्राइज’ जवळपास निःशब्द आहे आणि पूर्णपणे स्टुडिओत रंगवलेल्या वाळवंटात घडतो. म्हाताऱ्या गोऱ्या आईची सेवा करणारी प्रौढ अबोरिजिनल मुलगी, एवढाच विषय. केनियाच्या वानुरी काहियु यांनी ‘पुम्झी’ (२००९) मध्ये पाणी संपलेल्या भविष्याची विज्ञानकथा रचली. माती दिओप यांचा ‘आतलांतिक’ (२००९) सोळा मिनिटांचा होता. पुढे दहा वर्षांनी त्याच समुद्राकडे त्या दीर्घ चित्रपट घेऊन परतल्या आणि त्याला कानमध्ये ग्रां प्री मिळाले.

कोल्हापूर आणि निपाणी : बाबुराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती १९१७ साली. त्यांच्या ‘सैरंध्री’त (१९२०) स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनुसूयाबाई पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. १९२९ साली येथेच प्रभात कंपनी सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. म्हणजे या शहरात स्त्री कॅमेऱ्यापुढे फार लवकर आली, कॅमेऱ्यामागे मात्र नाही. ‘चित्रपटसृष्टीचे माहेरघर’ असे कोल्हापूरला अभिमानाने म्हटले जाते. माहेरात लेकीच्या नावावर काय होते, हा प्रश्न त्या अभिमानात सहसा विचारला जात नाही.

या विषयातला जगभर दाखवला जाणारा एक चित्रपट कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर घडलेला आहे, हे येथल्या फार थोड्यांना माहीत असते. १९८० साली दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी ‘युगांतर’ हा गट सुरू केला. त्यांनी चार चित्रपट केले. ‘मोलकरीण’ (१९८१) पुण्यातल्या घरकामगारांच्या संघटनेवर आहे. ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ (१९८२) निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायांवर आहे. दोन्ही मराठीत, १६ मिमी, कृष्णधवल, सुमारे पंचवीस मिनिटांचे. उरलेल्यांपैकी एक तेलुगू कथापट आहे आणि एक चिपको आंदोलनातल्या स्त्रीवर. निपाणी म्हटले की लोकांना १९८१ चे शेतकऱ्यांचे रास्ता रोको आठवते. ते तंबाखूच्या भावासाठी होते. वखारीच्या आत धुळीत तंबाखू चाळणाऱ्या बायांची संघटना ही वेगळी गोष्ट, आणि हा चित्रपट तिचा आहे. काय दाखवायचे, हे त्याच बायांशी बोलून ठरवले गेले. बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेने या चित्रपटांना नव्याने डिजिटल रूप दिले.

याच्या जोडीला मॅडलिन अँडरसन यांचा ‘आय ॲम समबडी’ (१९७०, ३० मिनिटे) दाखवावा. १९६९ साली अमेरिकेतल्या चार्ल्सटन येथे चारशेहून अधिक रुग्णालय कामगारांनी सुमारे शंभर दिवस संप केला. जवळजवळ सगळ्या काळ्या स्त्रिया. चित्रपटाचा पैसा त्यांच्याच कामगार संघटनेने उभा केला. दोन्ही मिळून तासाभरात संपतात आणि सभागृहात वखारीत काम केलेली एखादी आजी असेल, तर पुढची चर्चा ती घेऊन जाते.

त्वचा आणि प्रकाश : रंगीत फिल्म आणि छपाई यंत्रे दशकानुदशके गोऱ्या त्वचेवर जुळवली जात. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना गोऱ्या तरुणीचे नमुनाचित्र पाठवी. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिचा चेहरा नीट आला की यंत्र बरोबर, बाकीच्यांचे चेहरे काळ्या डागासारखे आले तरी चाले. तपकिरी छटा सुधाराव्यात ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांची. त्यांच्या जाहिरातींत माल ओळखू येत नव्हता.

डिजिटल कॅमेऱ्यातही अडचण उरते. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर १८ टक्के प्रकाश परतवणाऱ्या करड्या रंगावर जुळवलेला असतो. गोरी त्वचा ३५ टक्क्यांच्या आसपास परतवते, गडद सावळी १० किंवा त्याहून कमी. म्हणजे दोघींना एका चौकटीत घेतले तर जवळजवळ दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). चुना लावलेल्या भिंतीपुढे उभ्या सावळ्या बाईचा चेहरा मोबाइल काळवंडून टाकतो, कारण तो भिंत सांभाळतो. गुऱ्हाळात चुलवणापाशी उलट होते. अंधार बघून कॅमेरा सगळे उजळ करतो, चेहरा राखाडी होतो आणि दाणे दिसू लागतात. चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करावे. फोनमधला ‘ब्यूटी’ पर्याय आधी बंद करावा, नाहीतर तो न विचारता रंग उजळतो. पांढऱ्या भिंतीऐवजी निळी, हिरवी किंवा मातीची पार्श्वभूमी घ्यावी.

सावळ्या चेहऱ्यावर समोरून जास्त लाइट ओतणे ही नेहमीची चूक. त्वचा सपाट दिसते आणि कपाळ तेवढे चमकते. मोठा, मऊ उगम बाजूने द्यावा : स्किमरमधून, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या विरळ कापडातून, आलेले ऊन किंवा थर्माकोलवरून परतवलेला लाइट. गडद त्वचेचा आकार सावलीपेक्षा तिच्यावरच्या चकाकीतून उमटतो, म्हणून गालाच्या हाडावर खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात पुरतो. दोन छटा उजळ पॅनकेक मेकअप थापायची जुनी सवय टाळावी. मान आणि हात वेगळ्या रंगाचे दिसतात आणि नंतर संगणकावर रंग जुळवताना ते सुधारत नाही.

आवाज : पदराला लावलेला कॉलर माइक सुती साडीत खरखरतो, रेशमी साडीत जास्तच. मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटून दर वाक्याला टकटक येते आणि ती नंतर काढता येत नाही, कारण ती नेमकी आवाजाच्याच पट्ट्यात असते. माइक ब्लाउजच्या खांद्याच्या शिवणीजवळ, मंगळसूत्राच्या रेषेबाहेर लावावा आणि वायरची एक वेटोळी आत टेपने चिकटवावी. मंगळसूत्र काढायला सांगू नये. गुऱ्हाळाचे इंजिन किंवा इचलकरंजीचे यंत्रमाग चालू असताना मुलाखत घेऊ नये. यंत्राचा आवाज वेगळा दोन मिनिटे घेऊन नंतर खाली टाकावा. ऊसतोड टोळीतल्या बाईशी मुकादमासमोर केलेली मुलाखत तांत्रिकदृष्ट्या कितीही चांगली असली तरी बिनकामाची. उचल त्याच्या हातात असते आणि ती बोलते ते त्याला ऐकू जावे असे.

उपशीर्षके व प्रदर्शन : मराठी उपशीर्षक दोन ओळींत, ओळीला पस्तीसेक अक्षरांपर्यंत ठेवावे. फाइल युनिकोडमध्येच हवी. जुन्या श्रीलिपीत टंकलेला मजकूर पडद्यावर अगम्य चिन्हे होऊन येतो. चाचणीसाठी ‘गुऱ्हाळ’, ‘कोल्हापूर’, ‘क्षुल्लक’ असे शब्द घालून एक मिनिट चालवून बघावे. ‘ऱ्हा’ तुटला तर फॉन्ट बदलावा. यूरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलियातून आलेली प्रत बरेचदा सेकंदाला २५ चौकटींची असते. २४ वर बांधलेली उपशीर्षके तीवर चालवली तर मिनिटाला सुमारे अडीच सेकंद मागे पडतात. सोळा मिनिटांच्या शेवटी पात्र गप्प होऊन पाऊण मिनिट होत आले तरी वाक्य येत राहते. १६ मिमीवरून आलेला चित्रपट ४:३ प्रमाणातच दाखवावा. नाहीतर प्रोजेक्टर तो आडवा ताणतो आणि सगळ्या बाया बुटक्या, जाड दिसतात. प्रेक्षक तक्रार करत नाहीत, त्यांना वाटते चित्रपटच तसा.

सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते. याच कायद्याच्या कलम ९ खाली केंद्र सरकार सूट देऊ शकते आणि महोत्सव तिचा आधार घेतात. हक्कांसाठी न्यूयॉर्कच्या ‘विमेन मेक मूव्हीज’ आणि ‘थर्ड वर्ल्ड न्यूजरील’ या दोन वितरणसंस्थांकडे या प्रकारचे बरेच चित्रपट आहेत. इंटरनेटवर मोफत दिसणारा चित्रपट सभागृहात दाखवायलाही मोफत असतो असे नाही, पत्र पाठवून लेखी परवानगी घ्यावी. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनासारख्या सभागृहात दीड तासाच्या खेळात चार-पाच लघुपट पुरे. त्याहून जास्त लावले की शेवटच्या चित्रपटाच्या वेळी लोक के.एम.टी.ची शेवटची बस आठवून उठू लागतात, आणि बायका सगळ्यांत आधी. म्हणून निपाणीचा चित्रपट शेवटी न ठेवता दुसरा लावावा.