वीस गुंठ्यांचा मिथेन

पावसाळ्यात भाताचं खाचर पाण्याखाली गेलं की काही दिवसांतच चिखलातला प्राणवायू संपतो. मग तिथले सूक्ष्मजीव मिळेल त्यावर भागवतात: आधी नायट्रेट, मग लोह, मग सल्फेट. हेही सरलं की मिथेन बनवणाऱ्यांची पाळी येते. त्यांचा बहुतेक मिथेन भाताच्या रोपातल्याच पोकळ नळ्यांमधून हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो.

कोकणाच्या मातीला इथे थोडी सवलत आहे. जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह भरपूर, म्हणून मिथेनवाल्यांना ताटकळावं लागतं. खार जमिनीत समुद्राच्या पाण्याबरोबर आलेलं सल्फेट तेच काम करतं.

तरी मिथेन निघतोच. किती? हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या (आयपीसीसी) २०१९ च्या मार्गदर्शिकेतले दक्षिण आशियातल्या पावसावरच्या भाताचे सरासरी आकडे घेतले, तर हंगामात हेक्टरी सुमारे ५० किलो. वीस गुंठ्यांना १० किलो, म्हणजे २८० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. सव्वाशे लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण एवढाच निघतो. गणित ढोबळ आहे, पण पोटापुरतं पिकवणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याइतकं ते मोठं नाही.

भारताने २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवायचं ठरवलंय. त्यात शेतीसाठी वेगळा आकडा नाही, आणि ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ साली आलेल्या, मिथेन घटवण्याच्या कराराबाहेर आपण राहिलो. मला हे योग्यच वाटतं. पण म्हणून खाचरात काही करायचंच नाही, असं नाही.

सर्वांत गाजलेला उपाय म्हणजे शेत आलटून पालटून सुकवणं. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरलं की पुन्हा भरायचं. नळ आपल्या हातात असेल तिथे झकास. इथे जुलैत शेत सुकवणार कोण, आणि पावसाने ओढ दिली तर भरणार कशाने?

त्यापेक्षा नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत इथल्या मातीतली. गादीवाफ्यावर थेट टोकणणी, चिखळणी नाही, लावणी नाही. मुळांशी हवा खेळते म्हणून मिथेनला वाव कमी, आणि शेतकऱ्याला त्याहून मोलाचं म्हणजे लावणीची मजुरी वाचते. अडचण एवढीच की तणनाशक वापरावं लागतं, आणि पाणी तुंबणाऱ्या खोलगट मळ्यात ही पद्धत चालवणं कठीण.

तिथे निदान खताचं बघता येतं. फेकलेला युरिया पहिल्या जोरदार सरीत वाहून जातो, शिवाय त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, जो मिथेनहूनही कितीतरी पट तापवतो. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत लावणीनंतर लगेच चार चुडांच्या (रोपांच्या झुपक्यांच्या) चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी बोटांनी ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबतात. गंमत अशी की मिथेनला फावणारा तोच बिनहवेचा चिखल इथे नत्र धरून ठेवतो. खत कमी लागतं. काम मात्र वाकून, हातानेच.

कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे उत्सर्जन घटवल्याबद्दल मिळणाऱ्या पैशाच्या, आशेवर हे कोणी करणार नाही. वीस गुंठ्यांतला मिथेन निम्मा केला आणि कार्बन डायऑक्साइडच्या टनाला हजार रुपये धरले, तरी हाती पडतात १४० रुपये. लावणीच्या एका माणसाची दिवसाची मजुरीही त्यात सुटत नाही. गोळ्या लावणीआधी गावातल्या सोसायटीत मिळाल्या, तर त्या घ्यायला कोणाला हवामानबदल समजावून सांगावा लागणार नाही.